बेडकाची बॅटरी

गाडी सुरू झाली नाही, तर बजरंगचा फायदा एकेरी नव्हता, चांगला तिहेरी होता. एक म्हणजे, सहाशे पाहुण्यांसमोर संभाजीची मान खाली जाणार होती. दुसरं, बजरंगची लेक उल्का सासरी जाणार ती बापानं ठरवलेल्या गाडीतून, चुलत्याच्या नव्हे. आणि तिसरं, गाडी बंद पडली की हाक बजरंगलाच येणार, मग निदान अर्धा तास तरी सगळा मांडव त्याच्या दोन हातांकडे बघत उभा राहणार. या सगळ्याला भांडवल किती लागणार होतं? काहीच नाही. तोंड तेवढं बंद ठेवायचं. आणि त्याचा बजरंगला दोन वर्षांचा सराव होता.

"काय म्हनती?" संभाजीनं वरून विचारलं.

"काय म्हननार? उपाशी हाय."

मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसहाला, आदल्या दिवशीच्या हळदीचे पिवळे हात तसेच घेऊन, वधूपिता खराडीतल्या संभाजीच्या बंगल्यात गाडीच्या दाराशी उकिडवा बसला होता. बटण दाबलं की आतून नुसतं कट-कट-कट होई, समोरचे दिवे मलूल होत आणि दम लागलेल्या माणसासारखी गाडी गप्प बसे.

गाडी दोन माणसांची. मागं बसायला जागा नाही, सामान ठेवायला जागा नाही, जमिनीपासून वर यायची तर बातच नाही. रंग लिंबासारखा पिवळा. गावानं तिचं नाव बेडूक ठेवलं होतं. संभाजीच्या फाटकातून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत पाच गतिरोधक होते आणि पाचही ठिकाणी बेडकाचं पोट घासे. त्यामुळे बेडूक वर्षातून चारदा बाहेर पडे. बाकीचे दिवस बंगल्याच्या सावलीत बसून असे आणि रस्त्यानं जाणाऱ्या बजरंगच्या पोटात मात्र रोज धावे.

"कालच तर चालू केली हुती आईनं," संभाजी म्हणाला. "रोजच करती."

रोजच करती, तिथंच तर सगळं होतं. संभाजीची आई, सरूबाई, रोज सकाळी आंघोळ करून गाडीपुढे यायची. गाडीच्या नाकाडावर हळदकुंकू वाहायची, उदबत्ती ओवाळायची, नातसुनेकडून गाडी सुरू करून घ्यायची आणि आतल्या स्पीकरवर आरती लावायची. आरती संपली की गाडी बंद. सगळा कार्यक्रम दहा मिनिटांचा. म्हातारीचं म्हणणं साधं होतं, "दावणीला बांधलं म्हनून जनावराला वैरन लागत न्हाई व्हय?" गाडी रोज सुरू करणं म्हणजे तिला खाऊ घालणं, असा साऱ्या घराचा समज.

आणि गाडी सुरू करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं दहा मिनिटं जागेवर फुरफुरून परत भरत नाही, वर गाणं आणि एसीचा गारवा चालू असेल तर आणखीच जातं, हे त्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. बजरंगला ठाऊक होतं. तीस वर्षं तो बॅटऱ्याच भरत होता. म्हातारी रोज वैरण घालत नव्हती, रोज रक्त काढत होती. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य बजरंगनं दोन वर्षं दाढेखाली धरलं होतं. दीड-दोन महिन्यांनी बेडूक मान टाकी, संभाजीचा फोन येई, आणि बजरंगचा तो दिवस सणासारखा जाई.

आता जळण्याचं कारणही सांगायला हवं, नाहीतर माणूस उगाच वाईट दिसतो. दोघांचे बाप सख्खे भाऊ, दोघांच्या जमिनी एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे. बजरंगचा बाप दत्तोबा हा गावातला शहाणा माणूस. ओढ्याकाठच्या खडकाळ रानात काय पिकणार, असं म्हणून एकोणनव्वद साली त्यानं ते विकलं आणि एक टेंपो घेतला. गावानं पाठ थोपटली. संभाजीचा बाप आळशी. कागदं काढायची, तालुक्याला जायचं, सह्या करायच्या, एवढं कोण करणार, म्हणून त्याचं विकायचं राहून गेलं. पंधरा वर्षांनी त्याच खडकावर काचेच्या इमारती उगवल्या. आळसाला बंगला मिळाला, शहाणपणाला बॅटरीचं दुकान. संभाजीच्या वास्तुशांतीला बजरंग गेला नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं, ते थेट बेडूक पहिल्यांदा बंद पडला तेव्हा सुरू झालं. तेही गाडीपुरतंच.

आणि आता ही लग्नाची भानगड. बजरंगनं महिनाभर आधी एक पांढरी गाडी ठरवली होती, चालक सोनबासकट. झेंडू आणि शेवंतीच्या माळा ठरवल्या होत्या. तेवढ्यात संभाजीनं परस्पर उल्काला सांगितलं, "पोरी, तू बेडकातनं जायचं." आणि पोरगी नाचली.

"अण्णा, काकांनी स्वतःहून दिलीय. नाही कसं म्हणू?" ती म्हणाली होती. "आणि खरं सांगू? मला बसायचंच आहे तिच्यात."

ते 'बसायचंच आहे' बजरंगच्या काळजात अजून रुतलेलं होतं. संभाजीनं जमीन मिळवली, बंगला मिळवला, ठीक आहे. पण पोरीचा तो चेहरा, तोही त्यानंच मिळवावा?

बजरंगनं गाडीचं पुढचं झाकण उघडलं. या गाडीचं इंजिन मागं, बॅटरी पुढं. बॅटरीशेजारी एक काळी पेटी होती, पट्टा न सोडलेली; आजवर बजरंगनं ती हत्यारांची समजून सोडून दिली होती. बजरंगनं पट्टा जरा सारून बघितलं आणि त्याला हसूच फुटलं. गाडीबरोबर आलेला छोटा चार्जर. रोज भिंतीत लावून ठेवला की वर्षभर उभी राहिली तरी बॅटरी ताजी. म्हणजे औषध घरात, आणि संभ्याला वाचता येत नाही! त्यानं पेटी होती तशी सरकवली.

"किती येळ लागंल?" संभाजीनं विचारलं.

वेळ भरपूर होता. मुहूर्त बारा वाजून पंचवीसचा, पाठवणी चारला. आपला मोठा चार्जर आणून लावला असता तर दुपारपर्यंत बॅटरी काठोकाठ भरली असती. बजरंगनं घड्याळात बघितलं. मग रिक्षातून आणलेली आपली बॅटरी खाली ठेवली, दोन वायरींचे चिमटे जोडले आणि बटण दाबलं. बेडूक असा गर्जला की आत सरूबाईनं हात जोडले.

"दहा मिंटं चालू ठीव. झालं काम."

"बास? दहा मिंटं?"

"आई रोज तेवढंच करती की," बजरंग म्हणाला. त्याचा चेहरा अगदी सरळ होता.

बारा पंचवीसला अक्षता पडल्या. जेवणं झाली. बेडूक मांडवाच्या तोंडाशी उभा होता, आणि बजरंगनं जसं धरलं होतं तसंच सगळं घडत गेलं, किंबहुना वरकड घडलं. नवरदेव श्रीधर संगणकाच्या कंपनीतला, त्याचे वीस-पंचवीस मित्र तसलेच. एकेकानं आत बसून फोटो काढले. दिवे लावून काढले, गाणी लावून काढले, दार पंखासारखं उघडं ठेवून काढले. वधूपिता जिलबीचं ताट हातात घेऊन लांबून बघत होता, आणि दर फोटोगणिक त्याच्या जिलबीची गोडी वाढत होती.

चारला पाठवणी झाली. मैना, बजरंगची बायको, लेकीच्या गळ्यात पडून रडली. उल्का बेडकात बसली, श्रीधर चालवायला बसला. दोनच माणसांची गाडी, तिथं चालक कुठून येणार? बॅंडवाल्यानं सूर धरला. श्रीधरनं बटण दाबलं.

कट-कटसुद्धा नाही. काहीच नाही.

पुन्हा दाबलं. बॅंड हळूहळू विरला. मित्रांपैकी एकजण म्हणाला, "धक्का मारूया का?" दुसरा म्हणाला, "अरे, ऑटोमॅटिक आहे ती. धक्क्यानं नाही होत." श्रीधरची मावशी नारायण पेठेतली. तिनं पदर सावरत अगदी गोड आवाजात विचारलं, "गाडी सुरेख आहे हो. फक्त बघायचीच आहे का?"

आजूबाजूला हशा पिकला. संभाजीचा चेहरा पडला. त्याचं सोन्याचं कडं मनगटावर उगाच वर-खाली होऊ लागलं. बजरंगला वाटलं, संभाजीच्या वास्तुशांतीपासून या घटकेची वाट बघत होतो. पहिला फायदा पदरात पडला. दुसऱ्यासाठी तो पुढं झाला.

"असू द्या, असू द्या," तो मोठ्यानं म्हणाला. "माझी गाडी उभी हाय. सजवलेली हाय. सोनबा, आण रं पुढं!"

उल्का दार उघडून उतरली. पण पांढऱ्या गाडीकडे गेली नाही. ती बापाकडे आली. डोळ्यांत मघाचं पाणी तसंच होतं, पण ती हसत होती.

"अण्णा, ती कशाला? तुम्ही करा ना सुरू." मग श्रीधरच्या मावशीकडे वळून म्हणाली, "मावशी, तुम्ही बघाच. माझे अण्णा मेलेली गाडी उठवतात. मी सगळ्यांना सांगितलंय."

सगळ्यांना सांगितलंय. बजरंगच्या हिशेबात ही रक्कम कुठंच धरलेली नव्हती. त्याला इतके दिवस वाटत होतं की पोरीनं सासरी मिरवायला चुलत्याची गाडी धरलीय. पोरगी मिरवत होती ती त्याला. आणि पैज त्याच्याच नावावर लावून बसली होती, आणि तीच त्यानं सकाळी दहा मिनिटांत बुडवून ठेवली होती.

"सोनबा," तो म्हणाला, "रिक्षातनं माझी बॅटरी आण. आन लहान वायर."

बॅटरी आली. पण आता दुसरंच लचांड. बेडकाचं झाकण विजेवर उघडणारं, आणि वीज तर आत कोंडलेली. मित्रमंडळी मोबाइलवर शोधायला लागली. बजरंगनं चालकाच्या पायाशी खाली डोकं घातलं, फ्यूजच्या डब्यातून एक लपलेला लाल खिळा बाहेर ओढला, त्याला वायर टेकवली, दुसरी दाराच्या बिजागरीला. नाकाड टक करून उघडलं. कुणीतरी शिट्टी मारली. सगळा मांडव त्याच्या दोन हातांकडे बघत होता. तिसरा फायदाही मिळाला, आणि त्याला मान वर करून बघवेना.

झाकण धरायला संभाजी आला. झाकणाआड दोघांचीच डोकी होती.

"ती काळी पेटी बाजूला कर," संभाजी हळूच म्हणाला. "चिमटा बसंना व्हय?"

बजरंगचा हात थांबला. "ही काय हाय, म्हाईत हाय का तुला?"

"चार्जर हाय. गाडी दिली त्याच दिवशी शोरूममधल्या पोरानं सांगितलं, रोज लावून ठेवायचा."

"मग लावला का न्हाईस? दोन वर्सं?"

"लावला असता तर तू आला असतास माझ्या दारात?"

बजरंगनं पेटी बाजूला सारली. संभाजी आता जरा हसत बोलला.

"आन दुसरं सांगू का बजा? गावात ज्याच्या-त्याच्याकडं आता तसल्या गाड्या हायती. ही बगून जळनारा तू एकटाच उरलायस. तू बी जळायचा थांबलास, तर मग गाडी ठीवून करायचं काय?"

"सकाळी माज्याकडं येळ हुता," बजरंग चिमट्याकडे बघत म्हणाला. "मी भरली न्हाई."

"घड्याळ माज्या बी हातात हुतं," संभाजी म्हणाला. "लाव चिमटा. पोरगी उभी हाय."

बजरंगनं चिमटा लावला. त्याला वाटत होतं, आपण आता वितळायला पाहिजे, गळ्यात पडायला पाहिजे. पण आतून वर आलं ते तेच जुनं, ओळखीचं जळणं. जमिनीत हा पुढं, बंगल्यात हा पुढं, आणि मोठं मन दाखवायची वेळ आली तर तिथंही दोन वर्षं आधी जाऊन बसलेला!

"दाबा बटन!" तो ओरडला.

बेडूक गर्जला. बॅंड दचकून मध्येच सुरू झाला. टाळ्या पडल्या. मावशी म्हणाली, "वा. उठवली बाई खरंच." उल्का खाली वाकून बापाच्या पाया पडली आणि त्यानं उठवताना तिच्या बांगड्यांवरची हिरवी चमकी त्याच्या बोटावरच्या काळ्या तेलात चिकटली.

"जावईबापू," बजरंगनं खिडकीतून सांगितलं, "गाणं नको, गारवा नको. घरी पोचला तरी थांबू नका, हायवेला घाला. तासभर पळवा. ही उभी राहून मरती, पळून न्हाई."

"आणि रोज?" श्रीधरनं विचारलं.

बजरंगनं संभाजीकडे बघितलं. "रोजचं तिच्या मालकाला सांगतो मी. पूजेला चालू करायची न्हाई म्हनून. नुसतं कुंकू लावा म्हनावं."

रस्त्यातल्या गतिरोधकांवर पोट घासत बेडूक दिसेनासा झाला. मैना आत गेली. मांडवाच्या तोंडाशी उरले ते दोन चुलतभाऊ, एक रिकामी बॅटरी आणि झेंडू-शेवंतीनं नटलेली पांढरी गाडी.

"मला घरी सोड," संभाजी म्हणाला. "माझी गाडी गेली."

दोघं मागच्या सीटवर बसले. सोनबानं आरशातून बघितलं, नवरा-नवरीच्या जागी बसलेली पन्नाशीची दोन माणसं, मध्ये बॅटरी. फुलांच्या माळा खिडकीवर आपटत होत्या. रस्त्यावरची पोरं हात हलवत होती, संभाजी उलट हात हलवत होता. बंगल्याच्या फाटकाशी गाडी थांबली. सोनबानं मान खाजवली.

"अण्णा, फेरी तर झाली न्हाई. पर दिवस मोडला माझा. भाडं..."

संभाजीचा हात खिशात गेला.

"हात काढ," बजरंग म्हणाला.

"अरं, माज्या गाडीपायी..."

"काढ म्हनतो ना. ही गाडी मी ठरवली हुती."

आणि दिवसभराचं पूर्ण भाडं, रिकाम्या फेरीसकट, वधूपित्यानं काळ्या बोटांनी मोजून दिलं.