चूलबंद आवतन

घरात गॅसच्या दोन टाक्या असून रुपचंदनं त्या दिवशी अंगणात तीन दगडं मांडले आन् चूल पेटवली. वरून कपाशीची ओली पऱ्हाटी कोंबली, धूर जास्त निघावा म्हणून. मंग बसला खाटीवर, डोळे चोळत, खोकलत.

"काय रे भो, सयपाक बाहेर?" मी विचारलं.

"दिसू द्या गावाले," तो म्हणे. "आमची चूल बंद नही आज."

पाहा, माणूस किती खाली जातो ते. समोरच्या वच्छलाअक्काच्या तोंडावर धूर सोडायचा म्हणून सोताचे डोळे जाळून घेत होता. आन् तो एकटा नव्हता. गल्लीत तशा किती चुली पेटल्या, मोजल्या नाही मी. मोजायचीबी किळस आली.

आमच्या यावलच्या पट्ट्यात जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं. घरटी एक, म्हणजे घरातून एक माणूस. आन् चूलबंद, म्हणजे सगळे, म्हातारे-कोतारे, आलेला पाहुणा, सालदारसुद्धा. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. आवतन दिलं म्हणून लगेच कोणी उठत नाही बरं. अन्न तयार झालं का माणूस दुसऱ्यांदा घरोघर फिरतो, "चला, जेवाले चला." तेव्हा लोक हात धुतात. आमच्या गल्लीत तो फिरणारा मी.

वच्छलाअक्का जलमभर लोकांच्या केळीत निंदायला गेली. तिचा पोरगा कुंदन भुसावळला रेल्वेत लागला, आन् तिथल्याच दवाखान्यातली नर्स सुलक्षणा, ख्रिस्ती पोरगी, तिच्याशी लग्न केलं. कचेरीत सह्या, गळ्यात हार. अक्का माझ्याकडे आली.

"नाना, मले वरात नको, बँड नको. सारी गल्ली चूलबंद सांग. माह्या सुनेच्या हातचं वाढलेलं लोकायनं खाल्लं, म्हंजी ती गावाची झाली. येवढंच मले पाह्यजे."

पहिल्या फेरीला सगळे गोड बोलले. "येतो ना नाना, न येऊन कसं चालीन!" मंग रुपचंद वट्ट्या-वट्ट्यावर बसून कानात बोलत फिरला.

दुसऱ्या फेरीला मी निघालो तर एकाचा केळीचा ट्रक लागलेला. एकाची मोटर जळालेली. एकाची बायको म्हणे अंग दुखते. अन्‌ अंग दुखणारी बाई चुलीत फुकणी घालून फू फू करू राह्यली माझ्यासमोर!

रुपचंदला मी म्हटलं, "भुसावळले दवाखान्यात पडला व्हता तू. उलटीचं भांडं कोनं धरलं रे तुह्या तोंडाखाली? हिनंच ना? पेज कोनं पाजली?"

"ते दवाखान्यातलं दवाखान्यात. गावात आम्ही बाटत नही."

"म्हंजी मरताना चालते, जेवताना नही?"

त्यानं माझ्या छातीवर दोन्ही हात लावून ढकललं. टोपी गटारीत गेली. तोंडात शिवी आली, पण आवतन घेऊन आलेल्या माणसानं शिवी देऊ नाही. तशीच ओली टोपी हातात घेऊन परत आलो.

अक्काच्या अंगणात पट्ट्या अंथरलेल्या, पत्रावळी मांडलेल्या. बट्ट्यांचं टोपलं भरलेलं, वरणाला वाफ, घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास गल्लीभर. आन् बसलेलं कोण? एकटे शांतवनकाका, पोरीचे वडील. कुंदन पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी, सुलक्षणा तुपाची वाटी घेऊन उभी, तोंडावर काहीच नाही. तेच पाहवलं नाही मला.

"कोनी नही येत, अक्का," मी म्हटलं.

अक्का खाली बसली. माझ्या ओल्या टोपीकडे पाहिलं.

शांतवनकाका हळूच म्हणाले, "आमच्या पुस्तकात अशीच गोष्ट आहे. राजानं लेकाच्या लग्नाचं जेवण घातलं. नोकर पाठवले, जेवण तयार आहे, चला. एक शेतावर गेला, एक धंद्यावर. बाकीच्यांनी नोकरांनाच धरून मारलं."

"त्याईच्याबी टोप्या गटारीत टाकल्या का?" मी विचारलं.

"जिवानिशी मारलं, नाना."

"मंग राजानं?"

"फौज पाठवली. गाव जाळलं."

"बराबर केलं!" मी म्हटलं. मनापासून म्हटलं, खोटं कशाला बोलू.

"अन् जेवनाचं काय झालं?" अक्कानं विचारलं. तिला गाव जाळण्यात गोडी नव्हती, तिचं टोपलं भरलेलं होतं.

"रस्त्यावर जा म्हणाला, भेटेल त्याला आणा."

अक्का उठलीच. "नाना, चौफुलीवर ट्रक भरनारे पावरा आदिवासी हायेत. जाय. चूलबंद सांग."

चौफुलीवर ती माणसं चटणी-भाकर सोडत होती. मी आवतन सांगितलं. त्यांच्यातला एक बाप्या सोताच्या सदऱ्याकडे पाहत राह्यला, केळीच्या चिकानं काळाकुट्ट झालेल्या.

"आमी असे येऊ? कपडे खराब हाये."

त्यांना तसेच घेऊन आलो आन् ते सांगितलं तर शांतवनकाका हसले. "त्या राजानं एकाला कपड्यावरून हाकललंही होतं."

"मंग त्या राजाले केळी कापाले पाठवा एक दिवस," अक्का म्हणाली. "बसा रे लेकरंहो."

बसले. बायका, पोरं, सगळे. सुलक्षणा वाढत होती, अक्का आग्रह करत होती.

तेवढ्यात मागच्या दारात कोणी खाकरलं. रुपचंदची बायको, झुंबरबाई. पदराखाली डबा.

"त्याईले वास सहन नही होत," ती खाली पाहून म्हणे. "चार बट्ट्या आन म्हने. मागच्या दारानं जाय म्हने, कोनी पाहीन."

ढकलणारा हात आन् डबा पाठवणारा हात एकच! "देऊ नको अक्का! कुत्र्याले घाल, त्याले देऊ नको!"

अक्कानं डबा घेतला, गच्च भरला, झाकण लावलं. मंग हात लांब करून अंगणाकडे दाखवलं.

"ने माय. पन पुढच्या दारानं ने. डब्यावरचा पदर काढून ने."

झुंबरबाई घामाघूम. समोर तिचंच घर, धुरात नवरा बसलेला. ती अंगणात आली, चार पावलं चालली आन् थांबली. डबा जमिनीवर ठेवला. पावरा बाईच्या शेजारी पट्टीवर मांडी घालून बसली आन् डब्याचं झाकण काढलं.

"झुंबर! घरी ये!" रुपचंद तिथून वरडला.

तिनं बट्टी कुस्करली, वरण ओतून घेतलं, आन् मान वर करून सुलक्षणेला म्हणाली, "सूनबाई, तूप वाढ व. हात आखडू नको."

सुलक्षणेनं तुपाची वाटी तिच्या बट्टीवर उपडी केली.

"अवं, मंग माह्या जेवनाचं काय?" रुपचंद धुरातून वरडत होता.

झुंबरबाईनं दुसरी बट्टी घेतली.