पाण्यात कुणी पाहत नाही

त्या खेळाची मोठी अडचण ही होती, की तो दिसत नसे. पोहण्याच्या तलावाच्या खोल बाजूला, अगदी तळाशी, सहा विरुद्ध सहा माणसं वीतभर काठीने शिशाची एक जड चकती ढकलत असत. डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वास घ्यायची नळी, पायांत बदकाच्या पंजांसारखे रबरी फिन्स. दम संपला की वर यायचं, नळीतलं पाणी फुर्रकन उडवायचं, श्वास घ्यायचा आणि पुन्हा बुडी मारायची. खाली नुसती झुंबड उडालेली असे. पण काठावर खुर्ची टाकून बसलेल्याला दिसे काय, तर पाणी, चार-पाच नळ्या आणि मधूनच वर येणाऱ्या पाठी. पाण्याखालची हॉकी म्हटलं की लोक आधी हसत, मग "खरंच असतो असा खेळ?" विचारत आणि मग विषय बदलत.

हा खेळ शहरात आणला तो मासोळीच्या सासऱ्यांनी. मासोळी हे तिचं खेळातलं नाव. एरवी ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असे आणि गिऱ्हाइकांच्या कानांमागे काड्या नीट बसवून देई. सासऱ्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. तरुणपणी कामानिमित्त परगावी असताना त्यांनी हा खेळ पाहिला, म्हणजे चक्क पाण्यात शिरून पाहिला, आणि परतल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. पहिली चकती त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात, पातेल्यात शिसं वितळवून ओतली. सासूबाई हयात होत्या तोवर ते पातेलं दाखवून त्यांना बोलणी ऐकवत. संघातले सगळे त्यांना बाबाच म्हणत. मुलगा मात्र पाण्यापासून चार हात लांब. त्याचे कान लहानपणापासून दुखरे. त्यामुळे सून पोहायला शिकते म्हणाली, तेव्हा बाबांना आपलं म्हणावं असं माणूस घरात मिळालं. तिला खाली किती वेळ थांबता येतं हे बघून मासोळी हे नाव त्यांनीच ठेवलं.

बाबांचा एक ठरलेला विनोद होता. "दुसऱ्यांची तक्रार असते की लोक आपल्याला पाण्यात पाहतात," ते म्हणत, "आपली तक्रार अशी, की कुणी पाहतच नाही."

त्या वर्षी मात्र विनोदावर भागणार नव्हतं. तलावाच्या समितीने खोल बाजू भरून टाकायचं मनात घेतलं होतं. कमरेएवढं पाणी, मुलांसाठी घसरगुंड्या, रंगीत कारंजी. खोल पाणी गेलं की खेळ संपला. बाबा समितीच्या कचेरीत खेटे घालून दमले. तिथली कारकूनबाई त्यांना दरवेळी विचारी, "कोणता खेळ म्हणालात?"

आणि अशात टीव्हीवरून बोलावणं आलं. सकाळच्या गप्पांचा कार्यक्रम, घरोघर बघितला जाणारा. त्यांना बाबा नको होते. फोनवरची मुलगी म्हणाली, "कुणी तरुण आणि बोलकं असेल तर बरं." बाबांना परक्यांशी बोलताना अडखळायची सवय होती. चारचौघांत तर एकेक शब्द जिना चढल्यासारखा येई. त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला आणि स्वतःच जास्त खूश झाले.

आठवडाभर त्यांनी तिची तयारी करून घेतली. ती भाजी चिरायला बसली की समोर खुर्ची घेऊन बसत. "सुरुवातीला खेळ काय ते सांग. मग बायका-पुरुष एकत्र खेळतात ते सांग. आणि काही झालं तरी खोल बाजूचं सांगायचं. बाकी विसरलीस तरी चालेल."

"नाही विसरत, बाबा."

"नाहीच विसरणार तू," असं म्हणून ते चार शेजाऱ्यांना आमंत्रण द्यायला गेले.

स्टुडिओत थंडी होती आणि दिवे डोळ्यांत येत होते. सोफ्यावर एक निवेदक आणि एक निवेदिका. मासोळीने ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. सहा विरुद्ध सहा, शिशाची चकती, तळाशी खेळतात. निवेदिकेची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडच्या घड्याळाकडे गेलेली तिला दिसली. दुकानात गिऱ्हाईक फ्रेम न घेता निघणार असलं की ते असंच बघतं.

तेवढ्यात निवेदकाने विचारलं, "म्हणजे प्रेक्षकांनी येऊन पाणी बघायचं?"

"पाणी आणि आमची मागची बाजू," ती म्हणाली.

दोघं खो-खो हसले. कॅमेऱ्यामागचा माणूससुद्धा हसला. मासोळीला एकदम हलकं वाटलं. असं हसणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. या खेळाबद्दल बोलताना समोरचा माणूस खुलला आहे, पुढे झुकून ऐकतो आहे, हे तर कधीच नाही. फिन्स घालून चालताना माणूस बदकासारखा कसा दिसतो ते तिने करून दाखवलं. नळीतून पाणी उडवण्याचा आवाज काढला. ते हसत गेले आणि ती बोलत गेली. निवेदिका म्हणाली, "काहीतरी भन्नाट घडलं असेल ना कधी?" आणि मासोळीने कवळीची गोष्ट काढली.

ही गोष्ट संघात सगळ्यांना पाठ होती. परगावच्या एका स्पर्धेत, ऐन सामन्यात, नळीवर दात आवळता आवळता बाबांची वरची कवळी सुटली आणि तळाशी जाऊन पडली. पाणी गढूळ होतं. समोरच्या संघाच्या गड्याला काहीतरी पांढरं दिसलं आणि चकतीच समजून त्याने ते काठीने ढकलत ढकलत थेट गोलात नेलं. संघात ही गोष्ट नेहमी बाबांच्या देखत सांगितली जाई आणि नेहमी शेवटपर्यंत सांगितली जाई. त्यानंतर बाबा बाहेर आले नाहीत, नुसत्या हिरड्यांत नळी धरून खेळत राहिले आणि विजयाचा गोल त्यांनीच केला. तो भाग आला की सगळे टाळ्या वाजवत.

टीव्हीवर तो भाग आलाच नाही. कवळी गोलात गेली तिथेच निवेदक सोफ्यावर आडवा झाला. "कुणाची कवळी?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"माझ्या सासऱ्यांची," मासोळी म्हणाली, आणि पुन्हा हशा उसळला. निवेदिकेने तिचा हात हातात घेतला, वेळ संपल्याचं सांगितलं आणि हवामानाच्या बातम्या सुरू झाल्या.

खोल बाजू तिला लिफ्टमध्ये आठवली. ती एकटीच होती. तिने आरशात पाहिलं. तोंडावर अजून रंग होता आणि त्या रंगाखाली हसू तसंच राहून गेलं होतं.

घरी आली तेव्हा बैठकीच्या खोलीत खुर्च्या रांगेत मांडलेल्या होत्या. रिकाम्या. टीपॉयवर काही कपबश्या तशाच होत्या, दोन कपांत चहा अर्धा उरलेला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते एकेक खुर्ची उचलून आत नेत होते.

"दिवे फार होते का गं तिथे?" त्यांनी विचारलं. "डोळे मिचकावत होतीस."

"हो, बाबा."

"वाटलंच मला." आणि ते खुर्ची घेऊन आत गेले.

नवरा स्वयंपाकघरात होता. तो तिच्यावर कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. "समोरचे काका हसून हसून खोकायला लागले," तो म्हणाला. "मग त्यांनी बाबांकडे बघितलं आणि घाईघाईने उठले. बाकीचेही उठले. बाबा सगळ्यांना दारापर्यंत सोडायला गेले."

मासोळीला वाटलं, याने आपल्याला दोन शब्द कठोर बोलावेत. तो कपबश्या विसळत राहिला.

दोन दिवसांत तो तुकडा फोनाफोनांवर फिरला. दुकानात गिऱ्हाइकं तिला ओळखू लागली. मालकाने कौतुकाने पाठ थोपटली. आणि पुढल्या रविवारी सरावाला, जिथे अकरावा-बारावा खेळाडू मिळवताना मारामार असे, तिथे काठावर नवशिक्यांची रांग लागली. कुणी मैत्रिणीला घेऊन आलेलं, कुणी अख्ख्या कचेरीला. "दातांची हॉकी इथेच ना?" एकाने विचारलं. संघातले जुने लोक मासोळीला म्हणाले, "कमाल केलीस." ते मनापासून म्हणत होते, आणि तिला बादलीत तोंड खुपसावंसं वाटत होतं.

बाबा आले, रांग बघून थबकले, मग नेहमीसारखे फिन्सची मापं बघू लागले. पाय जोखण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मात्र एक पोरगा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघू लागला तसे त्यांनी ओठ मिटून घेतले आणि उरलेला वेळ मान डोलावूनच सगळं समजावलं.

घरी जाताना बसच्या थांब्यावर ती एकदाची बोलली. "बाबा, माझं चुकलं."

"खोटं थोडंच बोललीस. घडलं होतं ते."

"म्हणून ते सांगायचं होतं का?"

तिला वाटलं होतं, बाबा जाऊ दे म्हणतील. इतकी वर्षं ते तिला जाऊ देच म्हणत आले होते, आमटी करपली तरी, गोल चुकला तरी.

"नव्हतं सांगायचं," ते म्हणाले. मग तिच्या हातातली फिन्सची पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली, कारण ती जड होती.

समितीकडून निरोप आला तो याच गडबडीत. ज्या कचेरीत बाबांना बाकावर बसवून ठेवत, तिथून आता फोन करून बोलावलं होतं. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर घसरगुंड्यांचा रंगीत नकाशा. अध्यक्षीणबाई दोघांना बघून उभ्याच राहिल्या.

"या, या. आमच्याकडे सगळ्यांनी बघितलं. नातवंडं तर रोज लावतात." त्या बाबांकडे वळल्या. "म्हणजे ते तुम्हीच. आता तुमच्या तोंडून ऐकू द्या ना आम्हाला."

मासोळी म्हणाली, "आपण आधी खोल बाजूचं—"

"ते बोलूच. आधी ते होऊन जाऊ द्या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून त्यांनी सुरुवात केली. "आम्ही प-परगावी गेलो होतो. स-सामना होता." शब्द एकेक करून येत होते. मंडळी आधीच हसू धरून बसली होती. कवळी सुटली तिथे एकजण फसकन हसला, गोलात गेली तिथे सगळेच. बाबांनी ते हसणं ओसरू दिलं. "त्यानंतर म-मी..." त्यांनी म्हटलं, पण अध्यक्षीणबाई रुमालाने डोळे टिपत शेजारच्याला म्हणाल्या, "सांगितलं होतं की नाही मी?" आणि बाबा थांबले.

मासोळीला राहवलं नाही. "त्यानंतर त्यांनी गोल केला," ती म्हणाली. "तशाच तोंडाने. आम्ही तो सामना जिंकलो."

तिचा आवाज नको इतका मोठा निघाला होता.

"हो का?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "छान." आणि त्यांनी समोरचे कागद पुढे ओढले.

काम झालं. घसरगुंड्या उथळ बाजूला बसवायच्या आणि खोल बाजूला हात लावायचा नाही असं ठरलं. वर रविवारी दुपारी एक तास वाढवून दिला. सगळं इतक्या झटपट झालं, की बाबांनी घरून पाठ करून आणलेलं काहीच बोलावं लागलं नाही. निघताना एका सभासदाने त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला. "जरा हसा की," तो म्हणाला. बाबा हसले. मासोळीने भिंतीवरच्या नकाशातल्या घसरगुंड्या मोजल्यासारखं केलं.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "मिळालं की नाही पाणी?"

"मिळालं, बाबा."

"मग झालं तर. नवीन लोकांना दोन गटांत घ्यावं लागेल. एका वेळी खाली मावणार नाहीत." आणि ते त्याच विषयावर बसमध्येसुद्धा बोलत राहिले.

वर्षाअखेरीस एका संघाचे तीन संघ झाले. बातमीवाले आले, पाण्यात सोडायचा कॅमेरा आला, काठावर पडदा लागला आणि लोकांना पहिल्यांदाच तळाशी काय चालतं ते दिसलं. मासोळी त्या पडद्यावर फार सुरेख दिसते असं सगळे म्हणत. पुन्हा कार्यक्रमाला बोलावणं आलं तेव्हा ती नाही म्हणाली. नवऱ्याने कारण विचारलं नाही.

बाबांनी त्याबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही. सुनेशी ते पूर्वीसारखेच वागत, सरावाला नेत, चुका दाखवत. एवढंच, की एके दिवशी नणंद मुलांना घेऊन जेवायला आली होती. धाकट्याने शाळेतली काहीतरी गंमत सांगितली आणि सगळे हसले. बाबाही हसले. हसताना त्यांनी डावा हात उचलून तोंडावर धरला. घरच्या टेबलाशी, घरच्याच माणसांत. नणंदेला त्यात काही वावगं दिसलं नाही, ती मुलाला वाढत राहिली. मासोळीच्या हातातला घास हातातच राहिला. मग बाबांनी हात खाली घेतला आणि तिला म्हणाले, "जेव ना, गार होतंय."

तिने मान खाली घालून घास तोंडात घातला.