स्वतःबद्दल सांगा

सेलूच्या मुलींच्या वसतिगृहातून स्वयंपाकिणीच्या मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हापासून धुरपताबाई उत्तरांचा सराव करत होत्या. लेक भक्ती घरी मॅडम बनून प्रश्न विचारायची. तरी खऱ्या मॅडमसमोर त्यांना दरदरून घाम फुटला.

"स्वतःबद्दल सांगा."

त्यांनी मालकांचं, लेकीचं सांगितलं.

"हे घरच्यांचं झालं. तुमचं सांगा."

असं त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"मी पहाटंच उठते. लग्नाचा सैपाक बी करते. अन् माझ्यावर कुणी वरडलेलं मला चालत न्हाई."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. गेली नोकरी!

मॅडम हसल्या. "इथं कुणी ओरडत नाही. सोमवारपासून या."

बाहेर थांबलेल्या भक्तीचा हात धरून धुरपताबाई पायरीवरच बसल्या.

"सोमवारी बोलावलंय गं," त्या म्हणाल्या.