एप्पीची किस्ट

जॉक स्लेटर एरवी एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, की तो आपल्या बंदरात शिंकला तर आमच्या बंदरात ऐकू येतं. पण त्या शनिवारी नेमका वारा आडवा आला.

दिवेलागणीची वेळ होती. त्याची बोट दूर दक्षिणेच्या यार्मथहून परत येत होती. समुद्र इतका खवळलेला, की निरोप द्यायला आमच्या अरुंद बंदरात शिरणं शक्यच नव्हतं, म्हणून तो थेट पलीकडच्या आपल्या मोठ्या बंदराकडे निघाला होता. जाता जाता दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला. धक्क्यावर आम्ही तिघं होतो, माझी थोरली बहीण मायसी, तिचा नवरा डॉड आणि मी. तिघांनी ऐकलं ते अगदी एकसारखं.

"एप्पी... किस्ट... सोमवारच्या गाडीनं!"

मग बोट लाटेआड गेली, पुन्हा वर आली आणि निघून गेली.

एप्पी ही मायसीची एकुलती एक मुलगी. आमच्या गावच्या पोरी दर वर्षी पानगळीच्या दिवसांत हेरिंग मासळी चिरायला यार्मथला जातात, तशी तीही गेली होती. प्रत्येकीची आपली एक लाकडी किस्ट असते. तिच्यात कपडे, मेणकापडाचा एप्रन, सुरी आणि बोटांना गुंडाळायच्या चिंध्या. मोसम संपला की पोरी आणि त्यांच्या किस्टा एकाच गाडीतून घरी येतात. पण मोसम संपायला अजून अवकाश होता.

किस्ट म्हणजे आमच्याकडे पेटी. पीठ भरून ठेवतात ती किस्ट, खलाशी खांद्यावर मारतो ती किस्ट, नवरी सासरी नेते ती किस्ट. आणि शेवटी माणसाला आत निजवून वर खिळे ठोकतात, तीही किस्टच. आमच्या पूर्वजांनी वाऱ्याला आणि चिखलाला ढीगभर शब्द करून ठेवलेत, इथे मात्र त्यांचा हात आखडला.

"कपड्यांची पेटी पुढं पाठवली असेल तिनं," डॉड म्हणाला. "भांडली असेल जोडीदारणींशी. आईवर गेलीय ना, पटतंय कुणाशी?"

मायसीने पाण्यावरची नजर काढली नाही. "पोर येत असती, तर पोर येतेय म्हणाला असता. किस्ट म्हणाला तो."



तारघर दुपारीच बंद झालं होतं आणि रविवारी आमच्या गावात कोंबडासुद्धा दबकून आरवतो. जॉकच्या बंदरापर्यंत चालत जाणं मात्र जमण्यासारखं होतं. डॉडने टोपी घातलीही. मायसी दारात आडवी उभी राहिली.

"जाऊ नको."

"अगं, विचारून येतो. जीव टांगणीला लागलाय इथं."

"विचारलंस तर तो सांगेल," ती म्हणाली.

डॉडने टोपी काढून खुंटीला लावली. मला त्याचा राग आला आणि तिचाही. पण मी तरी कुठे गेले? पाय मलाही होतेच.

गावाने आपला निकाल देऊन टाकला. शेजारणी शाली पांघरून येऊ लागल्या, खुर्च्या येऊ लागल्या, कुणी ओटच्या भाकऱ्या आणल्या.  मेलेल्या माणसाच्या घरात करतात तसं आरशावर कापड पडलं. घड्याळही थांबवलेलं दिसलं. ते कुणी थांबवलं, हे मी नंतर एकेकीला विचारलं. प्रत्येकीने दुसरीचं नाव सांगितलं, आणि ती साखळी फिरून पहिलीपाशीच आली.

रविवारी पाद्रीसाहेबांनी प्रार्थनेत "शोकाकुल कुटुंब" असं म्हटलं आणि ते शब्द देवळात उच्चारले गेल्यावर एप्पी मेली आहे हे जवळजवळ कायद्याने ठरलं. दुपारी ते घरी आले. माणूस वाईट नाही, पण शांत बसणं त्यांना जमत नाही. मायसी काहीच बोलेना, म्हणून ते शब्दाबद्दल बोलू लागले.

"किस्ट हा फार प्राचीन शब्द बरं का. वरच्या शेतात नांगराला ती दगडी किस्ट लागली होती, आठवतंय? आत गुडघे पोटाशी घेतलेली बाई होती. हजारो वर्षांपूर्वीची. तेव्हा तिचे लोक त्या पेटीला काय म्हणत होते, देव जाणे. आपल्याकडे हा शब्द उत्तरेच्या दर्यावर्द्यांकडून आला. त्यांच्याआधी रोमनांकडे होता. आणि त्यांच्याही आधी, अगदी मुळात, त्याचा अर्थ होता टोपली."

"टोपली," मी म्हणाले.

"हो. साधी विणलेली टोपली."

"मग उद्या टोपली येऊ दे, पाद्रीसाहेब. तेवढी प्रार्थना करा."

ते ओशाळले आणि चहा प्यायले. मला मात्र ती शेतातली बाई डोळ्यांपुढून हलेना. तिलाही कुणीतरी घरी आणलं असणार. कुणीतरी धक्क्यावर उभं राहून वाट पाहिली असणार.

आणि आता सांगतेच, मला मायसीचा हेवा वाटला. माझा नवरा समुद्राने नेला. मला किस्ट मिळाली नाही, खिळे ठोकल्याचा आवाज मिळाला नाही, जाऊन बसायला हातभर जागा मिळाली नाही. तिला निदान पेटी तरी मिळणार होती. असा विचार मनात आला आणि मी तो ढकलला नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातून टक असा आवाज आला.

तिथे मायसीची लग्नातली किस्ट आहे, चादरींची. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. डॉड घाईघाईने म्हणाला, "लाकूड आहे. थंडीनं वाजतं." पुन्हा टक झालं. मायसी उठली. कुणीतरी हाक मारल्यावर उठावं तशी सहज उठली. तिने जाऊन पेटीचं झाकण उघडून भिंतीला टेकवलं.

"आत कोंडल्यासारखं होत असेल तिला," ती म्हणाली.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि पिठाच्या किस्टचं झाकण उघडलं. माळ्यावरची डॉडची जुनी खलाशी किस्ट उघडली. घरातल्या सगळ्या पेट्या आ वासून राहिल्या आणि आमच्यापैकी एकीचीही त्या मिटायची हिंमत झाली नाही. पाद्रीसाहेब चहा अर्धा टाकून गेले.

सोमवारी उजाडताच गावच्या कबरी खणणाऱ्या लोबनने कुदळ उचलली. देवळामागे डॉडच्या घराण्याची जागा आहे, तिथे त्याने खड्डा खणला. पुरुषांनी काळे कपडे घातले. आमच्याकडे प्रेत घ्यायला बायका स्टेशनवरही जात नाहीत आणि कबरीवरही नाहीत. मी गेले. मायसी म्हणाली, मी घर सोडणार नाही, ती आल्यावर घरात कुणी नको का?

गाडी आली. मालडबा शेवटी असतो, म्हणून आम्ही सगळे फलाटाच्या टोकाला जमलो होतो. पुरुषांनी टोप्या काढल्या. गार्डने दार सरकवलं, आत काळोख होता आणि सगळे त्या काळोखात बघत होते. डॉडच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. कोणती किस्ट? लांब की आखूड? एवढंच आता उरलं होतं.

माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"मावशी, कोण गेलं गं?"

"आपली एप्पी," मी म्हणाले. मान वळवली नाही. डोळे मालडब्यावर होते.

 मग तो आवाज म्हणाला, "मला कुणी सांगितलं नाही ते?"

मी वळले. शाल घट्ट आवळून एप्पी उभी होती. अर्धी झाली होती, गालांवर नको तेवढा लाल रंग होता. पुढच्या डब्यातून उतरून ती अख्खा फलाट चालत आली होती आणि एकाही माणसाने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. डॉडच्या घशातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही.

"जॉककाकांनी सांगितलं नाही तुम्हाला?" एप्पी म्हणाली. "मी निरोप दिला होता. किस्टनं धरलंय, सोमवारच्या गाडीनं येतेय, म्हणून."

आणि ती खोकली. वाकून, गुडघ्यांवर हात टेकून खोकली.

छातीलाही आम्ही किस्टच म्हणतो. बरगड्यांची पेटी ती. रोज म्हणतो. लेकराला सर्दी झाली की किस्टला तेल चोळ म्हणतो. आणि शनिवारपासून अख्ख्या गावात एकालाही ते आठवलं नाही. सगळ्यांना आधी मरणच आठवलं. असलं गाव आमचं.

"डॉक्टर काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, घरी जा."

"बस? औषध?"

"मावशी, औषध ज्यांना लागू पडतं त्यांना औषध देतात. बाकीच्यांना घरी जा म्हणतात." आणि ती हसली, म्हणजे दात दिसले.

मालडब्यातून तिची लाकडी पेटीही निघाली. काळ्या कपड्यांतले पुरुष इतके गोंधळले होते, की त्यांनी ती खांद्यावर घेतली आणि सवयीने हळूहळू, पाय जुळवून चालू लागले. पुढे एप्पी, मागे तिची किस्ट. वाटेत बायका दारांतून बघायच्या आणि आत सरकायच्या.

घरी दार उघडंच होतं. मायसीने चुलीपुढून वर पाहिलं. लेक उंबऱ्यात, मागे खांद्यांवर पेटी घेतलेली काळी माणसं. तिचा चेहरा हलला नाही. मरणाऱ्याची सावली आधी घरी येते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

"बाजूला हो बाळा," मायसी अगदी मायेने म्हणाली. "वाट अडवू नको. ते तुला आत आणतायत."

"आई!"

"हो, हो. मी आहे इथंच. बाजूला हो."

एप्पीला पुन्हा खोकल्याची उबळ आली. ओला, खालून खरवडून येणारा खोकला. तो ऐकून बाजूला हो म्हणून हलणारा मायसीचा हात थांबला. सावलीला कुठे छाती असते? ती उठली, लेकीच्या पाठीवर तिने तळवा ठेवला आणि छातीतला धडधडाट हाताला लागल्यावर मग ती रडली. रडण्यापेक्षा ओरडलीच म्हणा. तिच्याबरोबर मीही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दुपारी लोबन टोपी चुरगाळत दारात आला.

"डॉड, खड्ड्याचं काय करू?"

"बुजव."

"तसा रिकामा नाही बुजवता येत. तुलाही माहितेय. उघडलेली जागा वाट बघते." तो एप्पीकडे बघत नव्हता. आल्यापासून तिच्याकडे सरळ कुणीच बघत नव्हतं, शेजारणीसुद्धा भिंतीशी बोलत होत्या. खड्डा तिच्या नावाने खणला होता आणि ती चुलीपाशी बसून खोकत होती. काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं.

डॉड त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आम्ही काय म्हटलं होतं तुला, लोबन? कशासाठी खण म्हटलं होतं?"

"किस्टसाठी."

"मग किस्ट देऊ खड्ड्याला. बोललो तेच देऊ." त्याने दारातल्या पेटीकडे बोट दाखवलं. "एप्पीची किस्ट. सोमवारच्या गाडीनं आलेली. खोटं काय त्यात?"

"बाबा, त्यात माझं सगळं आहे," एप्पी म्हणाली. "सुरी आहे, एप्रन आहे. पुढच्या वर्षी मी काय घेऊन जाऊ?"

"सगळं आहे म्हणूनच. रिकाम्या पेटीनं कोण फसतं?"

मला वाटलं ती भांडेल. तिला ती पेटी जिवापाड प्यारी होती. गावाबाहेरचं, आईबापांना ठाऊक नसलेलं तिचं जे काही होतं, ते त्या एका पेटीत होतं. तिने आईकडे पाहिलं. मायसीने लेकीच्या पाठीवरचा हात अजून काढला नव्हता.

"ठीक आहे," एप्पी म्हणाली. "पण पेटी खाली उतरवताना डोक्याकडची दोरी मी धरणार."

"बायका दोरी धरत नाहीत गं," लोबन पुटपुटला.

"डोक्याकडची दोरी सगळ्यात जवळच्या माणसानं धरायची ना? मग बोल, माझ्याहून जवळचं कोण आहे?"

लोबनने टोपी डोक्यावर चढवली. आम्ही गेलो. पाद्रीसाहेब आले नाहीत, पण त्यांच्या खिडकीचा पडदा हलताना मला दिसला. डोक्याकडची दोरी एप्पीने घेतली, पायाकडची डॉडने, बाजूच्या मायसीने आणि मी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात अशी दोरी आली. ओझं हाताला लागतं तेव्हा कसं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. बरं वाटलं मला. खाली काय उतरवतोय, याची मला फिकीर नव्हती.

पेटी अर्ध्यावर गेली आणि एप्पीला उबळ आली.

दोरी तिने सोडली नाही. दोन्ही मुठी आवळून ती खोकत राहिली आणि तिच्या हातांबरोबर पेटी खड्ड्याच्या कडांवर आपटत राहिली. आम्ही तिघंही तशीच ताणून उभी. एक किस्ट खाली उतरत होती आणि दुसरी काठावर उभी राहून वाजत होती. खड्ड्याला दोन्ही ऐकू येत होत्या. डॉड मोठमोठ्याने प्रार्थना म्हणू लागला, नुसता तिचा आवाज बुडावा म्हणून.

खोकला थांबला. एप्पीने बाहीने तोंड पुसलं आणि बाहीकडे न बघता ती दुमडून घेतली.

"बास बाबा," ती म्हणाली. "खड्ड्यानं ऐकलंय. सोडा आता."