मोजलेलं नाही

आइली निएमीला बेटावर न्यायचं म्हणजे आधी तिला तिच्या फळ्यापासून सोडवायचं होतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तिच्या मुलीला, कारिनला नव्हतं.

फळा तिच्या दुकानाच्या दाराशेजारी टांगलेला असतो. दुकान गळ, आमिष, हातमोजे आणि कॉफीचं. नोव्हेंबरात तळं गोठलं की आइली रोज सकाळी गिरमिट खांद्यावर टाकून बर्फावर जाते, ठरलेल्या सात जागी भोकं पाडते, पट्टी आत घालून जाडी मोजते आणि परत येऊन खडूनं लिहिते: 'उत्तरेची खाडी अकरा इंच. शाळेसमोर नऊ. पुलाखाली पाय ठेवू नका.' त्याच्यावर एक शब्द जास्त नाही. आमच्या गावात रेडिओवरच्या हवामानाला लोक हसतात, पण आइलीचा फळा वाचल्याशिवाय मासे धरायला सहसा कोणी बर्फावर पाऊल टाकत नाही. सव्वीस हिवाळे झाले. फळा वाचून गेलेला एकही माणूस पाण्यात पडलेला नाही. दोघे पडले, ते न वाचता गेले होते. त्यांना बाहेर काढल्यावर आइलीनं आधी कोरडे कपडे दिले, मग कॉफी दिली आणि मग अशी हजेरी घेतली की बुडालो असतो तर बरं, असं दोघांनाही वाटलं.

कारिन मिनिआपोलिसला नर्स आहे. आईनं जन्मात एकदा तरी गरम वाळूवर पाय ठेवावा असं तिच्या मनात होतं. मार्चअखेरीस दहा दिवस, काउआई नावाचं उबदार समुद्रातलं बेट, सगळा खर्च कारिनचा. तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा आइली म्हणाली, "कशाला उगीच." दुसऱ्यांदा म्हणाली, "राहू दे गं." आमच्याकडे पहिल्या दोन नकारांना कोणी नकार समजत नाही. ताटलीतला केकसुद्धा आम्ही तिसऱ्या आग्रहाला उचलतो. पण तिसऱ्यांदाही आइलीनं नको म्हटलं तेव्हा कारिन घाबरली, कारण चौथ्यांदा विचारायची पद्धतच नाही.

तिचा पडलेला चेहरा बघून आइलीनंच वाट काढली. "एक धड पुस्तक मिळालं तर येईन. त्या बेटाची नीट माहिती देणारं. डोळे मिटून विश्वास ठेवता आला पाहिजे. नाही मिळालं तर तिकिटं परत कर."

"आई, फोनवर सगळं असतं."

"फोनवर आपलं तळंही असतं. निळं दाखवतात. बाराही महिने."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पण कारिनला ते कळलं नाही. तिकिटं शुक्रवारपर्यंत परत करता येणार होती, म्हणून गुरुवारीच ती आईला गाडीत घालून डुलूथ शहरात घेऊन गेली.

पुस्तकांचं दुकान उतारावर होतं आणि त्याच्या खिडकीतून सुपीरिअर सरोवर दिसत होतं. मालक लोवेल म्हणून एक उंच, वाकलेला गृहस्थ. आइलीनं नाव सांगितल्यावर त्यानं चष्मा वर केला.

"फळ्यावाल्या आइली? माझा मेव्हणा दर शनिवारी तुमच्या दुकानात फोन करतो. बायकोचं ऐकत नाही, पण तुमचं ऐकतो."

"बायकोनं मोजून सांगावं. मग ऐकेल," आइली म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते, आणि ते काही थंडीनं नव्हे.

लोवेलनं आधी दोन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. पहिलं जाड आणि गुळगुळीत. आइलीनं चित्रं बघितली नाहीत. तिनं थेट शेवटची सूची उघडली आणि बोट खाली खाली नेलं.

"काय शोधतेस?" कारिननं विचारलं.

"कुठं जाऊ नका ते कुठं लिहिलंय?"

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. 'स्वर्ग' हा शब्द मात्र पहिल्या दहा पानांत चौदा वेळा होता, आइलीनं मोजला. "हे म्हणजे 'बर्फ छान'," ती म्हणाली.

ते दोन शब्द दोघींनाही पाठ होते. कारिन बारा वर्षांची असताना आइलीचं ते गावातलं दुकान दुसऱ्याचं होतं आणि फळाही त्याचाच. आमिष खपावं म्हणून तो रोज सकाळी, न मोजता, लिहायचा: 'बर्फ छान!' अशाच एका मार्चमध्ये आइलीचा नवरा रेइनो ते वाचून पुलाकडं गेला आणि बर्फ फुटून बुडाला. रेइनो बेफिकीर माणूस नव्हता. तो वाचून गेला होता, हेच आइलीला सहन होईना. दुकानदार उन्हाळ्यात गाव सोडून गेला आणि पानगळीला आइलीनं ते दुकान घेतलं. माशाला आमिष कसं लावायचं तेही तिला तेव्हा येत नव्हतं. तिला फक्त फळा हवा होता.

"चित्रं तरी बघ," जरा वेळानं कारिन म्हणाली. तिनं दोन पानांवर पसरलेला एक समुद्रकिनारा उघडला. "समज, आपण इथं आहोत. तू कुठून पाण्यात उतरशील?"

आइलीनं एका नजरेत जागा हेरली आणि बोट टेकवलं. "इथून. दोन्हीकडं लाटा फुटताहेत, मधे ही पट्टी बघ कशी शांत आहे. हे काय विचारायचं?"

"मीही तिथूनच गेले असते," कारिन म्हणाली. तळ्याकाठी वाढलेलं कोणीही हेच म्हणालं असतं.

दुसरं पुस्तक कारिनला आवडलं. त्यात कोणालाच माहीत नसलेले वीस किनारे होते.

"पुस्तकात छापल्यावर कुठले आलेत माहीत नसलेले?" आइली म्हणाली. तिनं लेखकाची माहिती वाचली. त्या माणसानं दोन वर्षांत जगातल्या तीस बेटांवर पुस्तकं लिहिली होती. "हा उंटावरून शेळ्या हाकतोय. ठेव ते."

"आई, असं बघायला गेलं तर तुला कुठलंच पुस्तक पसंत पडणार नाही."

"मग नाही जायचं," आइली चटकन म्हणाली. जरा जास्तच चटकन.

लोवेल तिथंच उभा होता. आमच्याकडचे लोक मायलेकींच्या मधे पडत नाहीत, तोही पडला नाही. तो वाकला आणि त्यानं खालच्या फळीवरून एक बारकं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठ फिकट होतं. फोटो लेखिकेनं स्वतः काढला होता आणि कोपऱ्यात तिचा अंगठा आला होता. ही बाई त्या बेटावर एकतीस वर्षं टपाल वाटत होती. निवृत्त झाल्यावर तिनं हे एकच पुस्तक लिहिलं होतं.

आइलीनं सूची उघडली. 'जाऊ नका' या सदराखाली दीड पान होतं, महिन्यांप्रमाणे लावलेलं. ती खुर्ची ओढून बसली. पंधरा मिनिटं ती वाचत होती आणि कारिन खिडकीतून सरोवर बघत होती. मग पानं उलटण्याचा आवाज थांबला.

त्या पानावर लिहिलं होतं: 'पाहुणे, त्यातही तळ्याकाठचे, फुटणाऱ्या लाटांच्या मधली शांत पट्टी हेरून तिथूनच पाण्यात उतरतात. ती जागा शांत नाही. किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी तिथूनच परत जातं आणि माणसाला आत घेऊन जातं. अशा चार पाहुण्यांच्या नावाची पत्रं मी स्वतः शिक्का मारून परत पाठवली आहेत.'

आइलीनं ते पुन्हा वाचलं. मग उठली, ते जाड पुस्तक घेतलं, तोच किनारा उघडला आणि मघाच्याच जागी बोट टेकवलं. बोट बराच वेळ तिथंच राहिलं.

"कारिन, इकडं ये. मी तुला इथून उतरवलं असतं."

"मीही तेच म्हणाले होते ना."

"तू माझ्या भरवशावर म्हणालीस." तिनं जाड पुस्तक मिटलं. "मला विचारलंस आणि मी न मोजता सांगितलं. 'हे काय विचारायचं' म्हणाले."

नाकावर माशी बसू न देणारी ही बाई. आपलं चुकलं असं तिनं म्हटलेलं कारिननं आयुष्यात ऐकलं नव्हतं. आता संपलंच, तिला वाटलं, आता ही घराबाहेरसुद्धा पडणार नाही. तिकिटं परत करायला कुठला नंबर लावायचा, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

पण आइली ते बारकं पुस्तक खाली ठेवीना. ती पुढं वाचत राहिली, आणि एका जागी चक्क हसली. "हे ऐक. 'या दरीतली पुढची वाट मी चाललेली नाही. माझे गुडघे गेले. म्हणून इथं काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या पुस्तकांत लिहिलं असेल तर त्यांना विचारा, ते स्वतः चालले होते का.' आणि खाली अर्धं पान कोरं ठेवलंय."

"मग?"

"मग काय? ही आपल्यातली बाई आहे." आइलीनं कोऱ्या पानावरून हात फिरवला. "मार्चअखेरीला बर्फ सडायला लागतं, कारिन. वरून पांढरं दिसतं आणि आतून पोकळ. सगळ्यात वाईट दिवस ते. आणि फळा कोण लिहिणार? त्या म्हाताऱ्या तोइवोला लिहू दिला तर तो डोळ्यांनी बघून आकडा टाकेल. चुकीचा आकडा टाकण्यापेक्षा मी नाही गेलेली बरी."

कारिन तिच्याकडं बघत राहिली. "म्हणजे पुस्तकाचं नुसतं निमित्त होतं तर."

"पुस्तकही खरंच हवं होतं," आइली म्हणाली. "सव्वीस वर्षं मला वाटायचं, फळ्यावर एक तर आकडा लिहायचा, नाही तर 'पाय ठेवू नका'. आणखीही एक गोष्ट लिहिता येते, हे मला कधी सुचलंच नाही."

लोवेलनं पुस्तक कागदात बांधलं. कॉफी हवी का म्हणून त्यानं विचारलं. आइली दोनदा नको म्हणाली आणि तिसऱ्यांदा दोन कप प्यायली.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मी दहा दिवस इथं नाही. मोजलेलं नाही.' खाली सही केली, जी ती एरवी कधी करत नाही. तोइवो बादली आणि गळ घेऊन दारात उभा होता. वय पंच्याहत्तर, स्वभावाचं तर बोलूच नका.

"मासे आत्ताच लागायला लागलेत," तो कुरकुरला. "नुसतं 'बरं वाटतंय' एवढं तरी लिहून जा."

"मला काही वाटत नाही. मी मोजते," आइली म्हणाली आणि गाडीत बसली.

बेटावरच्या दहा दिवसांतलं तिनं गावात फारसं सांगितलेलं नाही. जे कळलं ते कारिनकडून. पहिल्या दिवशी आइली तासभर वाळूवर उभी राहून लाटा बघत होती. मग तिनं ती शांत पट्टी स्वतः शोधून मुलीला दाखवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी, पुस्तकात जिथून उतरा म्हटलं होतं तिथून, ती कमरेइतक्या पाण्यात गेली. रेइनो गेल्यापासून ती पाण्यात उतरलेली नव्हती. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाईनं बरोबर लिहिलंय."

इकडं पाचव्या दिवशी हिमवर्षाव झाला आणि तळ्यावर नवी कोरी चादर पडली. मग ऊन निघालं. उत्तरेच्या खाडीत मासे गळाला हमखास लागतील असे ते दिवस होते. शेजारच्या गावांतली माणसं आपापल्या तळ्यांवर बसून बादल्या भरत होती.

दहाव्या दिवशी दुपारी कारिनची गाडी दुकानासमोर थांबली. आइली उतरली. सवयीनं तिची नजर आधी तळ्याकडं गेली आणि तिथंच थांबली. या काठापासून त्या काठापर्यंत हिमावर माणसाचं एकही पाऊल नव्हतं. उत्तरेला एक सशाचा माग होता, तेवढाच. काठावर मात्र आम्ही दहाबारा जण उपड्या बादल्यांवर बसलो होतो, गळ मांडीवर घेऊन. तोइवो सगळ्यात पुढं.

कारिननं तळं पाहिलं, फळा पाहिला आणि आईकडं पाहिलं. पेशंटचे जीव वाचवले तेव्हाही तिला असा अभिमान वाटला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"कधीपासून बसलोय आम्ही," तोइवो ओरडला. "किती उशीर!"

"मोजलेलं नाही म्हणून लिहिलं होतं ना?" आइली म्हणाली.

"म्हणूनच तर बसलोय."

आइलीनं सामान गाडीतच ठेवलं, दुकानातून गिरमिट आणलं, खांद्यावर टाकलं आणि बर्फाकडं चालू लागली.