पारूबाईंची खोली आणि मी टर्नबकल

मी टर्नबकल बोलतोय. नाव ऐकून असा चेहरा करू नका, पाटोद्याच्या हार्डवेअरवाल्यानेही तसाच केला होता. दोन टोकांना आकडे, मधे लोखंडी चौकट. चौकटीत पेचकस घालून फिरवली की दोन्ही आकडे जवळ येतात आणि धरलेली वस्तू जागची हलत नाही. एवढंच मला येतं. बाकी काही येतं असं मी म्हणतही नाही. माणसांचं तसं नसतं, हे मला पुढे कळलं.

आम्ही चौघे भाऊ दुकानात खिळ्यांच्या खोक्यामागे तीन वर्षं पडून होतो. एका गिऱ्हाइकाने मला पाळणा टांगायला नेलं आणि दुसऱ्या दिवशी "हे फिरायलंय" म्हणून परत आणून दिलं. फिरणं हाच माझा गुण, पण सांगणार कुणाला? मग एक दिवस माणिकराव आले आणि चौघांनाही घेऊन गेले.

माणिकराव एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना लग्नांना, बाजारांना आणि दवाखान्यांत पोचवलं. त्यांच्या पत्नी पारूबाई मात्र अंबाजोगाईच्या पुढे कधी गेल्या नाहीत. त्यांना अजिंठ्याची लेणी बघायची होती. दोनदा पिशवी भरली आणि दोन्ही वेळा नांदूरघाटहून नणंद आली. विजयमालाताई त्यांचं नाव. चार दिवसांसाठी म्हणून येतात आणि महिना राहतात. पाहुणी घरात असताना आपण घराबाहेर, हे पारूबाईंना या जन्मात जमलेलं नाही.

त्यात पारूबाईंचे गुडघे दुखतात आणि परक्या ठिकाणी त्यांना झोप येत नाही. तेव्हा माणिकरावांनी ठरवलं की घरच बरोबर न्यायचं. सोमेश्वर वेल्डरने पत्र्याची एक खोली बनवली, त्यांच्या पिकअपच्या हौद्यात मागून सरकवता येईल अशी. आत बाज, गॅस, खिडकीला पडदा, कोपऱ्यात कमोड आणि मागच्या बाजूला दार. पारूबाईंनी ती चारी बाजूंनी बघितली आणि अट घातली.

"चालत्या गाडीत ही खोली तसूभर जरी हालली ना, तर मी उतरंन. आन परत चढायची न्हाई, आधीच सांगते."

म्हणजे अजिंठा आता आम्हा चौघांवर आला.

सोमेश्वरने आधी आम्हाला हौद्याच्या पत्र्यालाच अडकवलं. दोन फेरे दिले आणि पत्रा पापडासारखा वाकला. माणिकरावांनी कपाळाला हात लावला. मग खालून गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, जाड पट्ट्या बोल्टने बसवल्या, हौद्यात गोठ्यातली रबरी मॅट अंथरली, खोली पार केबिनपर्यंत पुढे रेटली आणि आम्हाला चार कोपऱ्यांत ताणलं. माझी जागा दाराजवळ, उजव्या हाताला. मी आपोआप सुटू नये म्हणून वर चेकनट आवळला. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गावात खोली आली म्हटल्यावर प्रत्येकाला ती हलवून बघायची होती. आप्पारावांनी म्हशीसारखी पाठ घासली. बद्रीनाथ टपावर चढून तीन उड्या मारून आले, म्हणाले, "वरून बगितलेलं बरं असतंय." ज्याला कुणी बोलावलं नव्हतं तो लांबून पळत यायचा आणि खांदा द्यायचा. खोली हलली नाही की लोक नाराज व्हायचे आणि आणखी दोघांना बोलावून आणायचे. संध्याकाळपर्यंत मी अर्धा आटा सैल व्हायचो. माणिकराव मला परत आवळायचे, लोक सकाळी परत यायचे, आणि या सगळ्या तपासनिसांना चहा पारूबाई करायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी बेचाळीस कप केले.

निघायच्या सकाळी सुंदरराव आले. वीस वर्षं उसाच्या ट्रकवर दोर आवळलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला गंजल्यासारखं झालं.

"ह्या खेळण्यावर भरोसा ठिऊन चाललाव व्हय? दोराबिगर माल जात नसतोय, माणिकराव."

"अवो, माल न्हाई, खोली हाय!"

"भरली की माल."

आणि त्यांनी साठ हात दोर काढला. आडवा, उभा, तिरपा. प्रत्येक वेढ्याला गावाने वाहवा केली. शेवटची गाठ नेमकी दाराच्या कडीवर बसली. सगळं झाल्यावर माणिकरावांनी बायकोला हाक मारली, "आम्रपालीची आई, चला!"

पारूबाई स्वयंपाकघरात नाहीत, शेजारी नाहीत, विहिरीवर नाहीत. दोघं बौद्ध विहारात बघून आले. बद्रीनाथ परत टपावर चढले, लांबवर नजर टाकायला.

मला ठाऊक होतं. दोर पडायच्या आधीच त्या पिठाचा डबा ठेवायला आत गेल्या होत्या. मग बाजेवर टेकल्या. बाहेर लोक हाका मारत होते आणि त्यांच्यापर्यंत कुणीच येऊ शकत नव्हतं. त्यांनी हळूच पडदा ओढला. गॅस पेटवला. एकाच माणसापुरता चहा ठेवला. मी दाराला चिकटून होतो म्हणून सांगतो, ती बाई आत गुणगुणत होती.

बाहेर सगळे हैराण झालेले असताना आतून बशीतला चहा ओढल्याचा लांब आवाज आला. सगळं गाव खोलीकडे वळलं.

"आत हाय!" माणिकराव ओरडले. "सोडा, सोडा दोर!"

सुंदरराव गाठीला भिडले. तेवढ्यात घराच्या दारात रिक्षा थांबली. विजयमालाताई उतरल्या, दोन पिशव्या आणि एक गोधडी घेऊन.

"वहिनी हाय का घरी? म्हणलं चार दिस ऱ्हावं."

मी माणिकरावांचा चेहरा बघितला. तिसऱ्यांदा तेच. त्यांचे खांदे पडले. माझ्या जातीला रडू येत नाही, पण बरं वाटलं नाही.

आणि आतून आवाज आला. "दोर सोडू नका! सोडला तर मला उतरावं लागंल!"

पाठोपाठ उलथनं पत्र्यावर आपटलं. टण्. टण्. लागोपाठ दोनदा.

कंडक्टरने डबल बेल दिली की ड्रायव्हरने निघायचं असतं. एकतीस वर्षं माणिकराव तसेच निघाले होते. काय होतंय हे त्यांना स्वतःला कळायच्या आत ते सीटवर होते आणि गाडी पहिल्या गियरमध्ये. पिकअपने असा हिसका दिला की माझे आटे करकरले. आम्ही चौघांनी धरलं. खोली तसूभर हलली नाही. हललं ते फक्त टपावरचं एक माणूस, आणि ते वेळेवर आप्पारावांच्या अंगावर उतरलं.

नव्या बांधणीत वीस किलोमीटरवर थांबून आम्हाला परत आवळायचं असतं. थांबणार कसं? विजयमालाताईंची रिक्षा मागे होती. गोधडी बाहेर फडफडतेय आणि ताई हात करतायत, अशी ती मांजरसुंब्यापर्यंत आली. तिथे रिक्षावाल्याने ताईंना हात जोडले. मग माणिकराव उतरले, मला अर्धा फेरा दिला आणि म्हणाले, "शाब्बास रे." मला आजवर मिळालेला हा एकच शब्द आहे, मी तो जपून ठेवलाय.

दोर मात्र पारूबाईंनी जिल्हा संपेपर्यंत सोडू दिला नाही. गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हा माणिकरावांनी पाऊण तास खपून सुंदररावांची गाठ सोडवली. पारूबाई उतरल्या आणि आधी मागचा रस्ता बघितला.

"कुणी यायलंय का?"

"न्हाई."

"मग आता तुमी च्या करा," त्या म्हणाल्या आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. माणिकरावांना साखर सापडेना. पारूबाईंनी ती कुठे आहे ते सांगितलंही नाही.

अजिंठ्याला गाडी खालीच ठेवून एसटीने लेण्यांकडे जावं लागतं, त्यामुळे मी काही बघितलं नाही. संध्याकाळी पारूबाई परत आल्या. डोळे ओले होते. निजलेल्या बुद्धासमोर त्या तासभर बसून होत्या म्हणे, आणि त्या तासात त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नाही.

याला अकरा दिवस झाले. अंगावर धूळ आहे, एका आट्याला गंज धरलाय, पण मी घट्ट आहे. आज सकाळी माणिकरावांनी विचारलं, "माघारी फिरायचं का?" पारूबाई म्हणाल्या, "हा रस्ता कुठं जातोय?" ते म्हणाले, "नाशकाकडं." त्या परत आत जाऊन बसल्या.

तेव्हा एक विनंती. तुमच्यापैकी कुणी पाटोद्याकडे जाणार असेल, तर आमच्या दारात जे कुणी पिशव्या घेऊन बसलं असेल त्यांना एक निरोप सांगा. त्या दारात हे वाक्य आजवर कुणी बोललेलं नाही, म्हणून जरा मोठ्याने बोला. म्हणा, पारूबाई घरी नाहीत.