पांढरा कुत्रा

वंदनाने शेऱ्याचं तोंड तिसऱ्यांदा धुतलं, तेव्हा कुठे बादलीतलं पाणी लाल व्हायचं थांबलं. पौषातली सकाळ, पाण्याने बोटं बधिर झाली होती. कुत्रा मान सोडवून घेत होता. तिने त्याला ओढतच न्हाणीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. तोवर बांधापलीकडे गणपतरावांच्या गोठ्यातून आरडाओरडा सुरू झाला होता. बकरीची दोन्ही पिल्लं फाडली होती.

पारशिवनीपासून चार किलोमीटरवरच्या त्या वस्तीत तीनच घरं होती. गणपतरावांचं, वंदनाचं आणि एल्साबाईंचं. एल्साबाई हॉलंडच्या. नऊ वर्षांपूर्वी पेंचच्या जंगलात पाखरं बघायला आल्या आणि इथेच राहिल्या. आता सत्तरी उलटली होती. त्यांच्याकडे स्वयंपाक, झाडलोट वंदना करायची, आणि त्यांचं मराठीही वंदनाकडूनच शिकलेलं होतं. त्यांच्या अंगणात एका कुत्रीला दोन पिल्लं झाली, दोन्ही पांढरी. एक त्यांनी ठेवलं, त्याचं नाव कापूस. दुसरं वंदनाच्या नवऱ्याने, मधुसूदनने, कडेवर घेऊन घरी आणलं. तो शेऱ्या. मधुसूदनला जाऊन दोन वर्षं झाली होती. शेऱ्या अजून त्याच्या खाटेखालीच झोपायचा.

वंदना कामाला निघाली तेव्हा गणपतराव वाटेतच उभे होते.

"वंदना, तू सकाळी पान्याले इकूनच गेली ना? कोन्ता कुत्रा होता वं?"

ती पदर नीट करत राहिली.

"धुकं होतं भाऊ. मले नीट नाई दिसलं. पांढरा होता."

खोटं असं त्यात काही नव्हतं. गणपतरावांनी एल्साबाईंच्या फाटकाकडे पाहिलं. तिथे कापूस ऊन खात पडला होता, आणि वंदनाने पुढे एक शब्द काढला नाही.

दुपारी गणपतराव गावातली चार माणसं घेऊन फाटकाशी आले. एल्साबाई बाहेर आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"चूक माही आहे. मी त्याले बांधून ठेवतो."

"बांधून काय होते, बाई? रक्ताची चटक लागली त्याले. आज पिल्लं फाडली, उद्या लेकरू धरन. तुमी त्याले दूर धाडा, नाई तं मी मारतो."

एल्साबाईंनी वंदनाकडे पाहिलं. त्यांना एखादा शब्द अडला की त्या अशाच तिच्याकडे पाहायच्या. वंदना खाली पाहत राहिली.

गावातल्या ताराचंदची पिकअप रोज कळमेश्वरच्या एमआयडीसीत माल घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी कापसाला तिच्यात चढवून तिकडेच सोडून यायचं ठरलं. तो ताराचंदला जवळ येऊ देईना. एल्साबाई अंगणाकडे पाठ करून उभ्या होत्या. शेवटी ताराचंद म्हणाला, "ताई, तुमी बलावा. तुमचं आयकते तो."

वंदना पिकअपजवळ गेली आणि फळीवर हाताने थोपटलं. "ये." एका उडीत तो वर चढला.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापत असताना एल्साबाई आतून कापसाची गोधडी घेऊन आल्या.

"शेऱ्याले थंडी लागत असन. घेऊन जा."

ती गोधडी वंदनाने घेतली. घरी नेऊन कोनाड्यात ठेवली, शेऱ्याला मात्र घातली नाही. दोन दिवस ती खालमानेने काम करत होती. बाई काही विचारतील अशी धास्ती होती, आणि त्या काहीच विचारत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी चहा उतू गेला तरी ती नुसती पाहत उभी राहिली. एल्साबाईंनी पुढे होऊन गॅस बंद केला.

"बाई, कापूस नव्हता तो," ती म्हणाली. "आमचा शेऱ्या होता. मी त्याचं तोंड धुतलं."

एल्साबाईंनी ओट्यावर सांडलेला चहा पुसून घेतला. मग म्हणाल्या, "काहून वं?"

'का' विचारायला वंदनानेच शिकवलेला शब्द. मधुसूदनचं नाव वंदनाच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. मेलेल्या माणसावर हे कशाला घालायचं?

"गणपतरावले सांगितलं?"

"नाई."

"त्याले सांग."

गणपतराव शेकोटीपाशी बसले होते, सोबत ते चौघेही होते. वंदनाने उभ्यानेच सगळं सांगितलं. कोणी ओरडलं नाही. गणपतराव पऱ्हाटीच्या काडीने निखारे सारत राहिले.

"म्हंजे मी त्या म्हातारीले उगाच बोल्लो," ते शेवटी म्हणाले. "शेऱ्याले बांधून ठेवत जा. अन् घरी जाय आता."

शेऱ्याला घालवून दे असं एकानेही म्हटलं नाही. आपल्या माणसाचा कुत्रा होता ना. घरी येताना तिला वाटलं, कोणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी ती आणि एल्साबाई ताराचंदसोबत कळमेश्वरला गेल्या. एका बंद कारखान्याच्या गेटसमोर त्याने कापसाला उतरवलं होतं. एल्साबाई हाका मारत फिरल्या. तासाभरात त्यांचे गुडघे सुजले, आणि मग त्या पिकअपमध्येच बसून राहिल्या. वाटेत त्या वंदनाशी बोलल्या, पण भाजी आणि दूध, तेवढंच. कामावरून त्यांनी तिला काढलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी वंदना एकटीच गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही. गेटावरच्या चौकीदारांना विचारायची, ट्रकखाली वाकून बघायची. चौथ्या रविवारी चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, "मांगच्या हप्त्यातही तुमीच आल्या होत्या ना वं? कुत्रा तुमचा हाये का?"

"नाई. आमच्या शेजारच्या बाईचा."

"मंग त्या नाई येत?"

"त्यायचे पाय दुखतात." वंदना थोडं थांबली. "माह्या खोट्यापायी तो इथं आला."

टपरीवालीने तिच्याकडे पाहिलं. मग बाकावरची पिशवी उचलली आणि तिच्यासाठी जागा केली. वंदना बसली नाही. रस्त्यापलीकडे आणखी एक गेट होतं, तिकडे अजून विचारायचं राहिलं होतं.